फायलीतली ती एक ओळ : कॅन्सरचा उपचार डॉक्टर आपसांत कसा ठरवतात

माझ्या काकूंच्या फायलीत एका पानावर घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'डिस्कस्ड इन टी.बी. प्लॅन – आधी किमो, मग सर्जरी.' चुलतभावाने ते वाचलं आणि त्याचं धाबंच दणाणलं. कॅन्सर होताच, आता वर टीबीपण? रात्री साडेदहाला मला फोन. दुसऱ्या दिवशी ओपीडीत नंबर लागेपर्यंत घरात काकूंचा पेला आणि ताट वेगळं झालेलं होतं, आणि काकू बिचाऱ्या 'मला खोकला तर नाही' एवढंच म्हणत होत्या. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. टी.बी. म्हणजे ट्यूमर बोर्ड.

आम्हीही हसलो. पण परतताना रिक्षात भावाने विचारलं, 'मग त्या बोर्डात नक्की काय बोलले असतील?' त्याचं उत्तर त्या ओळीत नव्हतं, आम्हालाही ठाऊक नव्हतं. नंतरच्या काही वर्षांत नातेवाईक म्हणून आणि कुतूहल म्हणून या विषयात बरंच डोकं घातलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

कॅन्सरवरची मुख्य हत्यारं तीन : शस्त्रक्रिया, रेडिएशन (आपल्याकडे लोक सरळ 'लाइट' किंवा 'शेक' म्हणतात) आणि औषधं, म्हणजे किमो, हार्मोनच्या गोळ्या, इम्युनोथेरपी (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) वगैरे. तीन हत्यारं, तीन वेगळे तज्ज्ञ. प्रत्येकाला आपापलं हत्यार जवळचं वाटणार, यात लबाडी काही नाही, आयुष्य त्यात गेलेलं असतं. पण रुग्णाच्या बाजूने बघितलं तर याचा अर्थ असा, की आधी कोणाच्या दारात गेलात त्यावर उपचार ठरू शकतो. गावातल्या सर्जनकडे गेलात तर आधी कापतील आणि उरलेल्याचा विचार मग. ट्यूमर बोर्ड म्हणजे पहिला वार करण्याआधी या सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं. सोबत बायोप्सीचे काच-नमुने वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट, आणि नशीब असेल तर पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याचं काम बघणारं कोणी, आहारतज्ज्ञ, समाजसेवक.

ब्रिटनमध्ये १९९५च्या काल्मन-हाइन अहवालानंतर ही पद्धत सरकारी व्यवस्थेचा भाग झाली. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अवयवानुसार 'डिसीज मॅनेजमेंट ग्रुप' आहेत : डोकं-मान, स्तन, फुप्फुस, पोट असे. शब्द वेगवेगळे कानावर पडतात : ट्यूमर बोर्ड, जॉइंट क्लिनिक, एमडीटी (मल्टिडिसिप्लिनरी टीम). गोष्ट तीच. सरकारी आरोग्य योजनांतून कॅन्सरचा उपचार मंजूर करून घेतानाही बोर्डाच्या निर्णयाचा कागद मागितला जातो, त्यामुळे हा शब्द आता तालुक्यापर्यंत पोचलाय.

आता आत काय चालतं ते एका माणसाच्या निमित्ताने बघू. हे तात्या कोणी एक खरे गृहस्थ नव्हेत. अशा बऱ्याच फायलींतून मी त्यांना जुळवलंय. वय ६१, परभणी जिल्ह्यात कोरडवाहू शेती, चाळीस वर्षं तळहातावर तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरायची सवय. त्याच गालात आतून जखम, खालच्या जबड्याच्या हाडापर्यंत गेलेली. तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. मानेत डावीकडे एक गाठ. बायोप्सीत कॅन्सर पक्का. इथवर मामला सरळ आहे. पण क्रिएटिनिन १.८, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला सहा मिलिमीटरचा एक ठिपका.

सहा मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीच्या दाण्याएवढा. सगळा वाद त्या दाण्याभोवती.

सकाळची वेळ, अंधारलेली खोली, भिंतीवर स्कॅन. शिकाऊ डॉक्टर उभा राहून केस मांडतो. सर्जन आधीच आकृतीत बघतोय, कुठून हाड कापायचं. म्हणतो, 'काढता येईल. गाल, जबड्याचा तुकडा, मान साफ, छातीवरचा स्नायू-कातडीचा तुकडा फिरवून गाल भरून काढू.' औषधांचा डॉक्टर, म्हणजे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, विचारतो, 'आणि तो ठिपका?' रेडिओलॉजिस्ट चित्र मोठं करतो. 'कडा साफ आहेत. शेजारी जुन्या व्रणाची रेघ दिसते. मला जुन्या टीबीचा वाटतो. पण लिहून मागाल तर इनडिटरमिनेट लिहीन.'

काकूंच्या घरी जो टीबी चुकून शिरला, तो इथे खरोखर हवाहवासा पाहुणा आहे. ठिपका टीबीचा असेल तर तात्यांचा आजार तोंड आणि मान एवढाच आहे, बरा करण्याचा प्रयत्न करता येतो. ठिपका कॅन्सरचा असेल तर आजार फुप्फुसात पोचलाय, आणि मग अर्धा चेहरा उघडणारी दहा तासांची शस्त्रक्रिया करून माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही.

'इनडिटरमिनेट' हा शब्द रिपोर्टात दिसला की नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरांना समजत नाहीये. त्याचा अर्थ नेमका आहे : आजच्या या चित्रावरून दोहोंतलं कुठलं ते सांगता येत नाही. मग सुई घालून तुकडा काढा की! पण फुप्फुसात, श्वासाबरोबर हलणारा, सहा मिलिमीटरचा ठिपका सुईला सापडणं मुश्कील. पेट स्कॅन? पेट स्कॅन साखर जास्त खाणाऱ्या पेशी उजळून दाखवतो. एवढ्या लहान ठिपक्यात तो भरवशाचा नाही, आणि टीबीच्या जागाही उजळतात. आपल्या देशात ही अडचण रोजची. मग उरतो वेळ. काही आठवड्यांनी पुन्हा सीटी काढायचा, वाढला का बघायचा. पण तेवढ्यात गालातला कॅन्सर थांबून राहतो थोडाच!

माझ्या मते बाहेरच्यांनी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट इथे आहे. 'नक्की सांगता येत नाही' हे वाक्य आपण एकच समजतो. त्या खोलीत त्याचे निदान चार अर्थ असतात, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा.

पहिला अर्थ हा ठिपक्याचा : शरीरात काय आहे तेच माहीत नाही. ही अनिश्चितता तपासणीने किंवा वाट बघून कमी होऊ शकते.

दुसरा अर्थ : शंभर जणांचं काय होतं ते माहीत आहे, या एकाचं सांगता येत नाही. याचं आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात आहे आणि मानेत हाताला किंवा स्कॅनमध्ये गाठ लागत नाही, अशा रुग्णाची मान आधीच उघडून साफ करावी, म्हणजे तिथल्या लसीकाग्रंथी काढाव्यात, की गाठ आली तर बघू म्हणावं, यावर जगभरचे सर्जन कित्येक दशकं भांडत होते. दोन्ही बाजूंना नावाजलेले लोक. शेवटी टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटून चाचणी केली. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला : तीन वर्षांनी, मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के हयात, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वाद मिटला, मान आधी साफ करायची.

पण याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त विचार करायला लावतो. ज्यांची मान आधीच उघडली, त्यांतल्या साधारण तीस टक्के लोकांच्याच काढलेल्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर निघाला. म्हणजे उरलेल्या सत्तर जणांच्या मानेवर, खांद्याच्या दुखण्यासकट, एक शस्त्रक्रिया झाली आणि आत काही नव्हतं. ते सत्तर कोण हे आधी कळलं असतं तर कुणी त्यांना हात लावला नसता. कळत नाही, म्हणून शंभरांना. याला डॉक्टरांचा गोंधळ म्हणता येणार नाही. गटाबद्दलचं ज्ञान पक्कं आहे आणि माणसाबद्दलचं नाही, दोन्ही एकाच वेळी खरं.

तिसरा अर्थ : पुरावा आहे, पण या रुग्णासारख्यांवरचा नाही. तात्यांच्या गाठीतून कॅन्सर बाहेर फुटलेला निघाला तर शस्त्रक्रियेनंतर लाइटसोबत सिस्प्लॅटिन हे औषध देतात. लाइटचा असर वाढतो. पण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांवर जातं, आणि तात्यांचं क्रिएटिनिन १.८. अशा लोकांना मोठ्या चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. मग त्यांच्यासाठी काय, हा प्रश्न बरीच वर्षं 'ज्याचं त्याने बघावं' असा होता. टाटामध्येच सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या ३५६ रुग्णांवर चाचणी झाली : नुसता लाइट, की लाइटबरोबर डोसिटॅक्सेल हे दुसरं किमोचं औषध. दोन वर्षांनी आजार न उलटलेले लोक नुसत्या लाइटमध्ये ३०.३ टक्के, डोसिटॅक्सेल जोडल्यावर ४२ टक्के. आता बोर्डात कोणी 'किडनी खराब आहे, किमो नको' एवढ्यावर विषय संपवला तर दुसरा कोणी तोंड उघडू शकतो, कारण हातात कागद आहे.

चौथ्या अर्थाला तपासणी नाही आणि चाचणीही नाही. या माणसाला काय मोलाचं वाटतं? ते माणसालाच विचारावं लागतं, आणि माणूस त्या खोलीत नसतो.

म्हणून केस मांडणारा तो शिकाऊ डॉक्टर, वय सत्तावीस-अठ्ठावीस, आदल्या दिवशी ड्यूटी केलेला, माझ्या लेखी त्या खोलीतला सर्वांत वजनदार माणूस. तो दोन वाक्यांत रुग्ण उभा करतो, आणि बाकीचे त्या दोन वाक्यांवर ठरवतात. ब्रिटनमधल्या अशा बैठकांचं निरीक्षण कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलं, त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांची चर्चा दोन मिनिटांच्या आत आटोपत होती. आपल्याकडची गर्दी बघता इथे रुग्णाला जास्त वेळ मिळत असेल असं समजण्याचं कारण नाही. यात वाईट काही नाही असंही म्हणता येईल. बऱ्याच केसेस सरळ असतात, त्यांना दोन मिनिटं पुरतात. अडचण अवघड केसलाही तेवढीच मिळतात तेव्हा.

तात्यांच्या केस-पेपरवर 'परफॉर्मन्स स्टेटस २' असं लिहून आलं होतं. ही एक साधी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे धडधाकट, चार म्हणजे अंथरुणाला खिळलेला. २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा होत नाही. २ आणि १ यांत फरक एका आकड्याचा, पण मोठ्या शस्त्रक्रियेला हो म्हणायचं की नाही ते पुष्कळदा तिथेच अडतं. आता ते २ आलं कुठून? तात्या रात्रभर जनरल डब्यात बसून आले, सकाळी सहाला रांगेत लागले, तोंड उघडत नाही म्हणून दोन दिवस चहा आणि ताकावर. ओपीडीत बाकावर मान टाकून बसलेला माणूस बघून कोणीही २ लिहील. शिकाऊ डॉक्टरने मुलीला एक जादा प्रश्न विचारला : 'घरी काय करतात?' ती म्हणाली, 'मागच्या आठवड्यात सोयाबीन काढलं की त्यांनी.' त्याने २ खोडून १ केलं. बोर्डातल्या कुणाला या खाडाखोडीचा पत्ताही नसतो.

नातेवाइकांनी काय करावं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, की आजारापलीकडचं सांगा. घरी काय करतात, कोण सोबत राहील, पूर्वी टीबी झाला होता का, त्याची औषधं किती महिने घेतली, जुना एक्स-रे ट्रंकेत पडलाय का. शेवटचं तर सोन्याच्या भावाचं. पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत, किंवा त्याहून बरं म्हणजे जुन्या सीटीत, तोच ठिपका तिथेच दिसला तर अख्खा वाद दोन मिनिटांत संपतो. आणि बाहेर बायोप्सी झाली असेल तर त्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचा मागून घ्या. नुसता रिपोर्ट आणू नका. मोठ्या केंद्रांत त्या पुन्हा वाचतात आणि कधीकधी निदानच बदलतं. प्लास्टिकच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेले ते ब्लॉक छातीशी धरून बसलेली माणसं परळला रोज दिसतात.

बैठकीत माणसं असतात, त्यामुळे माणसांचे स्वभावही असतात. सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. म्हणून शहाणे विभागप्रमुख आधी धाकट्यांना बोलायला लावतात आणि स्वतः शेवटी बोलतात. 'करता येईल' आणि 'करावं' यांतली सीमा धूसर होते. सर्जन 'काढता येईल' म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या हाताबद्दल खरं बोलतो. तात्यांना त्याचा उपयोग होईल का हा प्रश्न अजून तसाच असतो. पॅलिएटिव्ह केअरच्या माणसाला बोलावतात ते बहुधा सगळं संपल्यावर. हे बदलायला हवं असं पुरावाही सांगतो. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत (प्रसिद्धी २०१०) ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली ते बरे राहिलेच, शिवाय जगलेही जास्त. मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याहून जास्त जगले तो काळ, ११.६ महिने, इतरांचा ८.९.

पैशाचं नाव बैठकीत क्वचितच कोणी काढतं, पण तो खोलीत बसलेला असतो. इम्युनोथेरपीचा पूर्ण डोस आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. 'पुस्तकातला उत्तम उपचार' लिहून दिला आणि घरच्यांना तो परवडला नाही, तर बोर्डाने काय ठरवलं? कागदावर उत्तम, प्रत्यक्षात काहीच नाही. टाटाच्या डॉक्टरांनी इथे वेगळा प्रश्न विचारला : अगदी थोडं औषध दिलं तर? डोकं-मानेचा बरा न होणारा कॅन्सर असलेल्यांना स्वस्त गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या डोसाच्या दहाव्या भागाहूनही कमी. वर्षभराने हयात असलेले लोक १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण डोसाशी ही तुलना नव्हती, तेवढं लक्षात ठेवायचं. पण ज्याला पूर्ण डोस मिळणारच नव्हता त्याच्यासाठी ती तुलना निरर्थकच.

असो. तात्यांचं काय ठरलं?

औषधांच्या डॉक्टरचं म्हणणं, आधी दोन महिने किमो देऊ, ठिपक्याचंही कळेल. सर्जन म्हणाला, गाठ आज काढता येते, किमो देऊनही वाढली तर उद्या येणार नाही. आणि काढता येणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधी किमो दिल्याने आयुष्य वाढतं असं चाचण्यांनी दाखवलेलं नाही. त्याचं बरोबर होतं. रेडिओलॉजिस्ट म्हणाला, एवढे लहान ठिपके बहुतेक वेळा निरुपद्रवीच निघतात, त्यांच्यापायी बरा होऊ शकणारा माणूस सोडू नये. भूलतज्ज्ञाने विचारलं, दीड बोट तोंडातून नळी कशी घालू, त्याची तयारी लागेल. मग कुणीतरी सहज विचारलं, ऑपरेशनची तारीख कधीची आहे? चार आठवड्यांनंतरची. म्हणजे वाट तर बघावी लागणारच आहे! ठरलं : शस्त्रक्रिया, बरं करण्याच्या हेतूने, तीन आठवड्यांनी छातीचा सीटी पुन्हा, ठिपका वाढला किंवा नवे आले तर केस परत बोर्डात. चार आठवड्यांत पक्कं कळेलच असं नाही, रेडिओलॉजिस्टने बजावलं. पण घोळ मोठा असेल तर दिसेल.

फायलीत लिहिलं गेलं : 'प्लॅन – सर्जरी, पुढे लाइट. सीटी चेस्ट रिपीट.' औषधांच्या डॉक्टरचा आक्षेप, सर्जनचं उत्तर, रेडिओलॉजिस्टचं बजावणं, काही नाही. ही माझी जुनी तक्रार आहे. मतभेद झाले हे लिहायला डॉक्टर कचरतात, उद्या कोणी वकील घेऊन आला तर, या भीतीने. पण 'का' हे न लिहिल्यामुळे तीन आठवड्यांनी ओपीडीत बसलेल्या वेगळ्या डॉक्टरला ठिपक्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून उकलावी लागते.

मग ओपीडी. बाहेर साठ माणसं. मुलगा पुण्याहून आलेला, डॉक्टरला केबिनच्या दाराशीच गाठून हळूच सांगतो, 'त्यांना कॅन्सर म्हणू नका, छाले आहेत म्हणा.' हे प्रेमापोटी असतं, आणि तात्यांना तर सगळं माहीत असतं. कॅन्सर हॉस्पिटलची पाटी काय त्यांनी वाचली नसेल? पण त्यामुळे चौथा प्रश्न, त्यांना काय मोलाचं वाटतं, विचारायलाच जागा उरत नाही. अनुभवी डॉक्टर अशा वेळी थेट तात्यांकडे वळून विचारतात, 'तुम्हाला आजाराबद्दल काय काय सांगितलंय? सगळं ऐकायचंय की मुलाला सांगू?' निर्णय कोणाच्या हाती द्यायचा ते तात्याच ठरवतात.

पुढची पंचाईत भाषेची. 'किमो देऊन बघू' यातलं 'बघू' डॉक्टरला साधं वाटतं, नातेवाइकाला प्रयोग वाटतो. 'रिस्पॉन्स चांगला आहे' म्हणजे गाठ लहान झाली. घरचे ऐकतात, बरा होणार. पसरलेल्या कॅन्सरसाठी किमो घेणाऱ्या अमेरिकी रुग्णांना २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विचारलं होतं, की किमोने तुम्ही बरे व्हाल असं वाटतं का. ती बरं करण्याची शक्यता जवळपास नाही हे फुप्फुसाच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या ८१ टक्के रुग्णांच्या उत्तरांत उमटलंच नव्हतं. तिथे ही गत, तर आपल्याकडे 'नियंत्रणात ठेवू' याचा अर्थ काय लावला जात असेल! फायलीत 'इंटेंट' असा शब्द शोधा. त्यापुढे 'क्युरेटिव्ह' असेल तर बरं करायचा प्रयत्न, 'पॅलिएटिव्ह' असेल तर आजार आटोक्यात ठेवून त्रास कमी करायचा प्रयत्न. दिसला नाही तर सरळ विचारा, किमो कशासाठी, बरं करायला की आटोक्यात ठेवायला?

टक्केवारीची तर वेगळीच गंमत. १९८२ साली अमेरिकेत बार्बरा मॅकनील, अमोस ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन उपचार लोकांपुढे ठेवले. शस्त्रक्रियेत शंभरातले नव्वद शस्त्रक्रियेतून वाचतात, पाच वर्षांनी ३४ हयात. रेडिएशनमध्ये उपचारादरम्यान कोणी दगावत नाही, पण पाच वर्षांनी २२. एका गटाला हे 'इतके जगतात' असं सांगितलं, दुसऱ्याला 'इतके मरतात' असं. आकडे तेच, फक्त 'नव्वद वाचतात'ऐवजी 'दहा दगावतात'. तेवढ्यानेच शस्त्रक्रिया निवडणारे घटले. डॉक्टरांनाही हेच विचारलं होतं, आणि तेही तसेच फसले. म्हणून एखादा आकडा ऐकला की त्याची दुसरी बाजू मोठ्याने म्हणून बघायची, 'म्हणजे शंभरातल्या इतक्यांचं असं होतं, आणि इतक्यांचं तसं?' डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर आपल्यालाही काहीतरी कळलंच.

तात्यांनी मात्र टक्के विचारलेच नाहीत. त्यांनी विचारलं, 'भाकरी चावता येईल का?' सर्जन थोडा थांबला. म्हणाला, त्या बाजूने नाही. सुरुवातीला नळीने, मग पातळ, पुढे दुधात कुस्करून जमेल. तात्या म्हणाले, कुस्करूनच खातोय की आताही. मुलीने विचारलं, लाइटला सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, मुंबईत राहायचं कुठे? हे बोर्डात कोणी काढलं नव्हतं. लाइट अर्धवट सोडली तर शस्त्रक्रियेची निम्मी मेहनत वाया जाते, आणि सोडण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं, की राहायला जागा नाही. समाजसेविकेने फोन केले. लाइट छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घेता येईल, परभणीहून गाडी सरळ आहे. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ साली स्थापन झालं ते याचसाठी, देशभरची केंद्रं एकमेकांशी जोडावीत आणि सगळीकडे साधारण एकाच पद्धतीने उपचार व्हावा. आता त्यात तीनशेहून अधिक केंद्रं आहेत, आणि अवघड केसेसवर ती इंटरनेटवरून एकत्र बसून चर्चाही करतात. पण तात्यांसाठी ते जोडलं गेलं ते मुलीने तोंड उघडलं म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात सीटी झाला. ठिपका सहा मिलिमीटरच. नवीन काही नाही. रेडिओलॉजिस्टने लिहिलं, 'स्टेबल, इनडिटरमिनेट.' मुलाने रिपोर्ट हातात धरून विचारलं, 'म्हणजे टीबीच ना?' सर्जन म्हणाला, 'माहीत नाही. पण सोमवारी ऑपरेशन करतोय. रविवारी संध्याकाळी भरती व्हा.'